मामाचं शब्दकोडं परत द्या

‘मेंदूतल्या ९० टक्के झोपलेल्या पेशींचं रहस्य, जे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. वर मेंदूचं निळं-जांभळं चित्र, खाली आठ मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले इमोजी: ‘किमान दहा जणांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.’ असले निरोप मी एरवी न उघडताच पुसते. हा शेवटपर्यंत वाचला, कारण भिशीच्या ग्रुपवरून तो मुलुंडला माझ्या मामीकडे पोचला आणि तिने तो अंमलात आणला. मामाच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालंय. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग. आता रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या सुरू आहेत. उभं आयुष्य बेस्टच्या नोकरीत गेलेला हा माणूस पेपरातलं शब्दकोडं सुटल्याशिवाय दुसरा चहा घेत नाही. परवा गेले तर पेपर बंद, टीव्ही बंद, खिडकीवर जाड चादर. मामी दारातच कुजबुजली, ‘हळू बोल गं, त्यांच्या डोक्याला काम नको.’

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मी डॉक्टर नाही, आणि मामाच्या उपचारांबद्दल माझ्या मताला काडीची किंमत नसावी. पण या फॉरवर्डने ज्या संशोधनाची मोडतोड केलीय ते मला वाचता येतं, तेव्हा तेवढं बोलते.

आठ मुद्दे थोडक्यात असे. मेंदूत १० टक्केच चेतापेशी असतात, उरलेल्या ९० टक्के ‘ग्लिया’ नावाच्या झोपलेल्या पेशी. आइन्स्टाइनच्या त्या जाग्या होत्या. त्या अवेळी जाग्या झाल्या की ब्रेन ट्यूमर होतो. रुग्ण विचार करतो तसतसा ट्यूमर वाढतो, म्हणून वाचन, गप्पा, उजेड, उदबत्तीचा वास, सगळं बंद करा. फिटच्या गोळ्या मेंदू बधिर करतात, त्या सोडा आणि फिट आली तर कांदा हुंगवा. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. बायोप्सीने गाठ पसरते. आणि या सगळ्याचं मूळ मोबाइल.

पहिला मुद्दा आकड्यांचा आहे, आणि आकडे मोजून झालेले आहेत. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हुझेल यांच्या गटाने २००९ साली चार पुरुषांच्या मेंदूंमधल्या पेशी मोजल्या. मेंदूचा एकेक भाग विरघळवून त्याचा एकसारखा द्रव करायचा, पेशींची केंद्रकं त्यात तरंगत राहतात, त्यातली चेतापेशींची केंद्रकं वेगळी रंगवायची आणि मोजायची, अशी पद्धत. उत्तर आलं: सरासरी ८६ अब्ज चेतापेशी आणि ८५ अब्ज इतर पेशी. या ‘इतर’मध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशीही धरल्यात, म्हणजे निव्वळ ग्लिया त्याहूनही कमी. एकास नऊ कुठे आणि एकास एक कुठे! आता खरं तेवढं मान्य करते. एकास दहा हे प्रमाण कित्येक वर्षं चांगल्या चांगल्या पाठ्यपुस्तकांतच छापलं जात होतं, तेव्हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते हवेतून काढलं नाही. शिवाय प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. मोठ्या मेंदूत १६ अब्ज चेतापेशींना ६१ अब्ज इतर पेशी असतात आणि लहान मेंदूत बरोबर उलट, ६९ अब्ज चेतापेशींना फक्त १६ अब्ज. पण ९० टक्के? नाही.

आणि झोपलेल्या? हे वाचून मला खरोखर हसू आलं. चेतापेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा त्यांच्यातल्या सांध्यावर, म्हणजे सिनॅप्सवर, ग्लूटामेट नावाचं रसायन सुटतं. ते तिथेच साचलं तर पुढची पेशी भडकत राहते आणि शेवटी मरतेसुद्धा. हे ग्लूटामेट उचलून नेण्याचं काम तारकापेशींचं, म्हणजे ॲस्ट्रोसाइटचं. तो ग्लियाचाच एक प्रकार. माणसाच्या एका तारकापेशीच्या फांद्या वीस लाखांपर्यंत सांध्यांना भिडलेल्या असू शकतात. दुसरा प्रकार ऑलिगोडेंड्रोसाइट. या पेशी चेतातंतूंभोवती मायलिनचं वेष्टन गुंडाळतात. वेष्टनाला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीवर उडी मारत जातो, ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल मधली स्टेशनं सोडून जाते तसा. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, जाड वेष्टन असलेल्या तंतूत शंभरच्या घरात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हेच वेष्टन उखडलं जातं आणि माणसाची चाल, नजर, हात सगळं बिघडतं. तिसरा प्रकार मायक्रोग्लिया. त्या मेंदूत सतत गस्त घालतात, मेलेल्या पेशी उचलतात आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूत नको असलेले सांधे छाटतात.

२०१३ साली अमेरिकेत स्टीव्हन गोल्डमन आणि मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने माणसाच्या ग्लियाच्या पूर्वजपेशी उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत सोडल्या. पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांच्या मेंदूत माणसाच्या तारकापेशी पसरलेल्या होत्या, आणि हे उंदीर इतर उंदरांपेक्षा लवकर शिकत होते. झोपलेल्या पेशींनी एवढं केलं असेल तर जाग्या असत्या तर त्यांनी यूपीएससी दिली असती.

आइन्स्टाइनवर जास्त वेळ घालवत नाही. १९५५ साली ते वारले, शवविच्छेदन करणाऱ्या थॉमस हार्वी यांनी मेंदू काढून ठेवला, आणि १९८५ साली मेरियन डायमंड यांच्या गटाने त्यातले चार तुकडे अकरा पुरुषांच्या मेंदूंशी ताडून पाहिले. चारांपैकी एकाच भागात, डाव्या बाजूच्या, एका चेतापेशीमागे ग्लिया लक्षणीय जास्त निघाल्या. एक मेंदू, त्यातला एक तुकडा, तोही ७६ वर्षांच्या माणसाचा, आणि तुलनेतले पुरुष सरासरी ६४ वर्षांचे. यावर ‘बुद्धी जागी करण्याचा उपाय’ उभा करणाऱ्याला माझ्या वर्गात प्रात्यक्षिकाचे गुण मिळणार नाहीत.

ट्यूमर म्हणजे ग्लिया जाग्या होणं, हा तिसरा मुद्दा. ग्लायोमाच्या गाठी (मामाचा ग्लायोब्लास्टोमा त्यांतलाच) ग्लियाच्या किंवा त्यांच्या पूर्वजपेशींच्या कुळातून येतात, इथवर बरोबर. पण त्या होतात जनुकांत बिघाड झाल्याने. वाढीचा हुकूम देणारी जनुकं चालू अवस्थेत अडकतात आणि लगाम घालणारी तुटतात. ध्यान, आहार किंवा ‘ऊर्जा’ यांचा त्यात काही संबंध नाही. पुढे.

आता चौथा मुद्दा. हा लिहिणारा नुसता मूर्ख नाही, त्याने कुठलीतरी खरी बातमी वाचलेली आहे, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

खरी बातमी अशी. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकत्र आले. एक स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटाचा, दुसरा जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या फ्रँक विंकलर आणि थॉमस कूनर यांच्या गटाचा. दोन्ही गटांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली: चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी चक्क सांधे जुळवतात. एका चेतापेशीने दुसरीशी जुळवावा तसाच सांधा, तेच ग्लूटामेट, ते पकडणारे तेच ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. चेतापेशी पेटली की सांध्यातून ट्यूमरच्या पेशीत विजेचा प्रवाह उतरतो. ट्यूमरच्या पेशी आपसातही जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रवाह पुढे पसरतो, आणि त्या प्रवाहाने ट्यूमर वाढतो. म्हणजे ही गाठ मेंदूत नुसती जागा अडवून बसत नाही, ती मेंदूच्या जाळ्यात स्वतःला जोडून घेते. यात नवल वाटावं असं आहेच, पण आधाराशिवाय नाही. निरोगी मेंदूतही ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वजपेशींना चेतापेशी असे सांधे देतात आणि चेतापेशी कामात असल्या की मायलिन वाढतं, हे आधीच माहीत होतं. ट्यूमरने घरातलीच सोय पळवली.

पुढचंही सांगते, म्हणजे मी काही लपवलं असं कुणी म्हणायला नको. २०२१ साली मोंजे यांच्याच सहभागाने झालेल्या अभ्यासात, एनएफ१ या जनुकात बिघाड असलेल्या आणि दृष्टिचेतेवर गाठ होणाऱ्या उंदरांना अंधारात वाढवलं, तर गाठी होण्याचं प्रमाण घटलं. २०२२ साली चीनमधल्या एका गटाने दाखवलं की उंदरांमध्ये वासाच्या संवेदनेचा तिथल्या ग्लायोमाच्या वाढीशी संबंध आहे. आणि २०२३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शॉन हर्वी-जम्पर यांच्या गटाने प्रत्यक्ष रुग्णांमध्ये पाहिलं की ज्यांची गाठ मेंदूच्या इतर भागांशी जास्त जोडलेली होती, ते कमी काळ जगले. आता कळलं ना मामीच्या खिडकीवरची चादर कुठून आली आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती का विझली?

तर अर्धं खरं आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण आहे. उरलेलं अर्धं मात्र इतकं घातक आहे की त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

अंधारातल्या उंदरांची गाठ दृष्टिचेतेवर होती. त्या चेतेचं काम एकच, डोळ्यातला संदेश मेंदूकडे नेणं. उजेड नाही तर त्या तंतूंना काम कमी. शिवाय ते उंदीर त्या जनुकाच्या बिघाडासह मुद्दाम तयार केलेले होते, आणि आपण बोलतोय ती मुलांमध्ये दिसणारी, संथ वाढणारी गाठ. मामाची गाठ उजव्या कानशिलामागच्या भागात होती आणि ती ग्लायोब्लास्टोमा आहे. खिडकीवर चादर टाकून त्याच्या मेंदूतला तो भाग शांत होत नाही. फक्त मामाला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळेनासं होतं.

आणि ‘डोक्याला काम नको’ म्हणजे नेमकं काय? मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण पडल्या पडल्या शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा तो वापरतो. शब्दकोडं सोडवायला घेतलं तर त्यात किती भर पडते? पाच टक्क्यांहूनही कमी. झोपेतही चेतापेशी पेटत असतात, खोल झोपेत तर अख्खे पट्टेच्या पट्टे एका लयीत. विचार न करणारा मेंदू ही वस्तू अस्तित्वात नाही. अंधाऱ्या खोलीत छताकडे बघत पडलेला मामा विचार करत नाही असं मामीला वाटतं का? तो विचारच करतोय, आणि कसले ते सांगायची गरज नाही. आडवे-उभे शब्द जुळवण्यापेक्षा ते विचार हलके असतील असं मला वाटत नाही.

गाठ किती जोडलेली आहे ते पाहणाऱ्या त्या २०२३च्या अभ्यासातही रुग्णांना गप्प बसवलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी जागं ठेवून त्यांना चित्रं दाखवली आणि वस्तूंची नावं विचारली, कारण बोलण्याचा भाग सांभाळून गाठ काढायची असते. एकाही गटाने ‘रुग्णाचं वाचन बंद करा’ असा सल्ला दिलेला नाही. त्या सगळ्यांचा प्रश्न निराळा आहे: चेतापेशी आणि ट्यूमर यांच्यातला जोड औषधाने तोडता येईल का? जगभर रुग्णांना उलट सांगितलं जातं की जमेल तसं चाला, बोला, बोलणं अडखळत असेल तर स्पीच थेरपी घ्या, आवडीचं काही करत राहा. ‘मेंदूला विश्रांती’ या गोड नावाखाली माणसाला एकटं कोंडणं हा उपचार नाही. ज्याच्या हातात वेळ कमी असू शकतो त्याचा वेळ आपण काढून घेतोय. ग्लायोब्लास्टोमात रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्यांची जोड दिलेल्या २००५च्या मोठ्या चाचणीत निम्मे रुग्ण साधारण साडेचौदा महिन्यांच्या पुढे जगले, नुसत्या रेडिएशनवर बारा महिन्यांच्या. दोन वर्षांनंतर हयात असणारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले. हे आकडे मामाला माहीत आहेत, त्याने स्वतः डॉक्टरांना विचारले होते. त्यातले दिवस चादरीआड घालवायचे?

पाचवा मुद्दा वाचून हसू उरलं नाही. फिटच्या गोळ्या सोडा! २०१९च्या त्याच निबंधांत, ज्यांच्या आधाराने वरचा चौथा मुद्दा उभा केलाय, उंदरांमधला ट्यूमर मंदावण्यासाठी काय वापरलं होतं ठाऊक आहे? पेरॅम्पॅनेल. ही फिटचीच गोळी आहे, अपस्मारासाठी आधीपासून दिली जाणारी. ती ग्लूटामेटच्या त्या ग्राहकांना अडवते. म्हणजे ज्या पुराव्यावर तुम्ही रुग्णाला अंधारात बसवता, त्याच पुराव्यातलं औषधाचं घराणं त्याच्या हातातून काढून घेता. (म्हणून ‘फिटच्या गोळीने कॅन्सर बरा’ असा पुढचा फॉरवर्ड कुणी कृपया तयार करू नये. माणसांमध्ये हे सिद्ध झालेलं नाही, आणि मामा जी गोळी घेतो ती वेगळी आहे, निव्वळ फिट रोखण्यासाठी.)

ग्लायोमाला फिट का येते, तेही याच रसायनात आहे. ट्यूमरच्या पेशी स्वतः ग्लूटामेट बाहेर टाकतात, आजूबाजूच्या चेतापेशी भडकतात, आणि ते उचलून न्यायला तिथे धड तारकापेशी उरलेल्या नसतात. गोळी अचानक सोडली तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, आणि त्यात जीव जातो. सुजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडचंही तेच: महिनाभर घेऊन एका दिवसात बंद केलं तर सूज उलटते आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड लगेच तयार होत नाही. डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात, तो याचसाठी. हो, फिटच्या गोळ्यांनी पेंग येते, काहींची चिडचिड वाढते, मामाचीही वाढलीय. त्याला उपाय ओपीडीत सांगणं हा आहे. डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते.

मामीला विचारायला निदान भाची तरी आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जळगावहून, वाशिमहून आलेली माणसं परळच्या टाटा हॉस्पिटलच्या खेपा घालत राहतात. त्यांच्या फोनवरही हाच निळा-जांभळा मेंदू गेला असणार. गोळ्यांचा खर्च वाचेल आणि पेशंटही बरा होईल, असं कुणी सांगितलं तर मोह कुणाला होणार नाही?

बाकीचे तीन मुद्दे उभ्या उभ्या. साखर: मामाने चहात साखर घेतली नाही तरी यकृत रक्तातली साखर टिकवून ठेवतं, गाठ उपाशी राहत नाही, मामाच राहतो. मात्र स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते, म्हणून ती तपासत राहावी, एवढाच कामाचा भाग. बायोप्सी: तुकडा तपासल्याशिवाय गाठीचा प्रकार कळत नाही. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएच जनुकाची तपासणी केल्याशिवाय नावसुद्धा ठरत नाही, आणि नावावर औषध ठरतं. त्या जनुकात बिघाड असलेल्या संथ गाठींसाठी व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. तुकडाच नाही काढला तर ते कुणाला द्यायचं हे कळणार कसं? मोबाइल: २०११ साली कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मोबाइलच्या लहरी ‘२ बी’ गटात घातल्या, म्हणजे शंका आहे पण पुरावा अपुरा. त्याच गटात पारंपरिक आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध सापडला नाही. आणि हा मुद्दा पाठवायला सगळ्यांनी वापरलं काय, तर मोबाइल.

राहिला कांदा. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून कांदेवाल्याला श्रेय मिळतं. मामी, हे फ्रिजवर चिकटवून ठेव: त्याला कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ दे, गळ्याशी घट्ट असेल ते सैल कर. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ लावायचा आणि मग मला.